जुन्या ट्रॅक्टरची ओढ जोखताना या चुका टाळा

वडोदऱ्याजवळच्या पादरा-वाघोडिया पट्ट्यात आजही कुणाच्या ना कुणाच्या शेतात इंटरनॅशनल बी-275, मॅसी 35, आयशर किंवा आपल्या विश्वामित्रीच्या कारखान्यातला हिंदुस्तान उभा दिसतो. असे दोन ट्रॅक्टर एकत्र आले की वाद ठरलेला: जास्त ओढतो कोण? मग पाठीला पाठ लावून मध्ये साखळी अडकवतात. ओढ जोखायची ही सगळ्यात चुकीची आणि सगळ्यात धोक्याची रीत.

या ओढाओढीत इंजिनाची परीक्षा होतच नाही. ज्याच्या मागच्या चाकांवर वजन जास्त, टायरचे दाते शाबूत आणि खालची जमीन घट्ट, तो जिंकतो. त्यात साखळी ड्रॉबार (ओढण्यासाठी मागे खाली असलेली पट्टी) सोडून वर टॉप लिंकच्या (नांगराचा वरचा जोडदांडा) जागी किंवा एक्सलला बांधली, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. क्लच दाबायलाही सवड मिळत नाही. रुतलेली ट्रॉली काढतानाही हेच घडतं, आणि जुन्या ट्रॅक्टरवर चालकाला वाचवणारी चौकट नसते. म्हणून साखळी फक्त ड्रॉबारलाच लावा. घरातल्या पोरांनाही हे एकदा नीट दाखवून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे एचपीवरून (अश्वशक्तीवरून) ओढ ठरवणं. बी-275 हा 35 एचपीचा, पण तो आकडा इंजिनाचा. मागे हुकावर काय मिळतं त्याचा हिशोब असा: ओढीचा जोर किलोत, गुणिले ताशी किलोमीटर, भागिले 270. म्हणजे 900 किलोची ओढ ताशी साडेचार किलोमीटरने दिली, तर ते 15 एचपी झाले. मऊ रानात 35च्या ट्रॅक्टरने मागे एवढंच दिलं तर इंजिन बसलं असं समजू नका. बाकीचा जोर गिअर, टायर आणि मातीत जातो. मध्य प्रदेशातल्या बुधनीच्या केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची तपासणी होते. तिथल्या अहवालात ड्रॉबारचे आकडे वेगळे दिलेले असतात. तुलना करायची तर ते बघा.

टायर किती घसरतात हे मात्र शेतातच मोजता येतं. मागच्या टायरवर खडूची खूण करा. नांगर उचलून त्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. मग त्याच गिअरमध्ये नांगर जमिनीत घालून पुन्हा दहा फेरे. पहिल्यांदा 40 मीटर आणि दुसऱ्यांदा 34 भरलं, तर घसरण 15 टक्के. इतपत चालतं. 25 टक्क्यांच्या वर गेली तर डिझेल आणि टायर दोन्ही वाया जातात. आपल्या कानम भागातल्या काळ्या जमिनीत वाफसा (मशागतीजोगी ओल) येण्याआधी नांगर घातला की हेच होतं. तेव्हा इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. चाकांना वजनं लावा, टायरमध्ये पाणी भरा आणि वाफशाची वाट बघा.

मॅसीवाले बऱ्याचदा हायड्रोलिकचा ड्राफ्ट कंट्रोल वापरतच नाहीत. हलक्या मॅसीची खरी ताकद तिथेच आहे. नांगरावर भार वाढला की हायड्रोलिक तो किंचित उचलतं आणि ते वजन मागच्या चाकांवर येतं. फर्ग्युसनच्या तीन-बिंदू जोडणीचा (नांगर तीन ठिकाणी जोडण्याच्या पद्धतीचा) मोठा फायदा हाच. मला विचाराल तर नवे टायर घेण्याआधी ड्राफ्टचा लिव्हर काम करतो का, ते बघा.

आता ट्रॅक्टर खरंच लोड घेत नसेल तर लगेच डिझेल पंप खोलायला देऊ नका. चाकं फिरतायत पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही, तर प्रश्न टायरचा. इंजिनाची रेस वाढते पण चाकं फिरत नाहीत, तर क्लच प्लेट गेली. इंजिनच दबून बंद पडतं आणि काळा धूर मारतं, तर आधी ऑइल-बाथ एअर क्लीनर उघडा. त्याच्या वाटीत बहुतेक वेळा गाळ सापडतो. धूर काळा नसेल तर डिझेल फिल्टर बघा. नोझल आणि पंपाची पाळी त्यानंतर.

भरवशाच्या बाबतीत सगळ्यांना एकच माप लावणं चुकीचं. जुन्या आयशरचं इंजिन हवेने थंड होतं, त्यामुळे रेडिएटर फुटायची भीती नाही. पण इंजिनावरच्या थंडाव्याच्या पात्यांत तेल आणि भुसा साचला की ते तापतं, आणि पाण्याचा काटाच नसल्याने लवकर कळत नाही. चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर कंपनीच्या सहकार्याने वडोदऱ्यात बनलेला हिंदुस्तान दणकट खरा, पण ती कंपनी 1978 मध्ये गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झाली, पुढे 1999 मध्ये महिंद्राकडे गेली. जुन्या मॉडेलचे सुटे भाग आपल्याकडे कुठे मिळतात, ते सौदा करण्याआधी पक्कं करा.

जुना ट्रॅक्टर घेण्यासाठी बघायला जाल तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं असेल, तर त्या दिवशी सौदा करू नका. थंड इंजिन कसं सुरू होतं ते बघायला पुन्हा या. सुरू केल्यावर ऑइल भरायचं झाकण काढा. तिथून धुराचे फवारे येत असतील, तर बोअर-पिस्टनचा खर्च किमतीतून आधीच वजा करून बोला.