बेस गिटारच्या साखळीत कंप्रेसर: कार्यक्रमाआधीची तयारी

कंप्रेसर म्हणजे मोठा आवाज दाबून हळू-मोठ्या स्वरांतला फरक कमी करणारे पेडल. आदल्या दिवशी त्याचा अडॅप्टर तपासून घ्यावा. बहुतेक कंप्रेसर पेडलांना ९ व्होल्टचा, आतल्या टोकाला ऋण ध्रुव असलेला अडॅप्टर लागतो, तरीही पेडलवरची खूण वाचूनच तो जोडावा. बेस अ‍ॅक्टिव्ह (आत बॅटरीवर चालणारे सर्किट असलेली) असेल तर तिची बॅटरी बदलून ठेवावी, कारण केबल जॅकमध्ये राहिली की ती उतरत राहते.

साखळीत, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या पेडलांत, सर्वांत आधी ट्यूनर (तारा सुरात लावण्याचे साधन) असावा. एन्व्हलप फिल्टर (वाजवण्याच्या जोरानुसार आवाजाचा पोत बदलणारे पेडल) बोटांच्या कमी-जास्त जोरावरच उघडतो, म्हणून तो कंप्रेसरच्या आधी ठेवावा. कंप्रेसरने तो फरक पुसून टाकला की फिल्टर निर्जीव वाटतो. ओव्हरड्राइव्ह (आवाज किंचित फाटका करणारा), कोरस (एकच स्वर अनेक वाद्यांचा भासवणारा) आणि डिले (प्रतिध्वनी देणारा) कंप्रेसरनंतर यावेत. फझ (आवाज खूप फाटका करणारे पेडल) मात्र स्वतःच आवाज दाबतो, तेव्हा फझ वाजवताना कंप्रेसर बंद ठेवणे मला योग्य वाटते, नाहीतर पदरी केवळ वाढलेली खरखर पडते.

सर्वाधिक वेळ नॉबना द्यावा. थ्रेशोल्ड म्हणजे ज्या पातळीच्या वर आवाज दाबला जातो ती, आणि रेशो म्हणजे दाबण्याचे प्रमाण. रेशो ४:१ ठेवला, तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज २ डेसिबलच वर उरतो. सुरुवातीला एवढे पुरते. थ्रेशोल्ड असा लावावा, की जोरकस आघातांवरच ३ ते ६ डेसिबल घट दिसेल आणि हळुवार स्वर जसेच्या तसे राहतील. अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) फार जलद झाला की बोटाचा ठोका बोथट होतो, आणि स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोका मारून) वाजवणाऱ्याला तर तो ठोकाच हवा असतो. रिलीजबाबत (दाब सुटायला लागणाऱ्या वेळेबाबत) एक हिशोब ध्यानात ठेवावा: खुल्या ई तारेचे एक कंपन सुमारे २४ मिलिसेकंदांचे आणि पाच तारांच्या बेसवरील खुल्या बी तारेचे सुमारे ३२ मिलिसेकंदांचे असते, त्यामुळे अटॅक आणि रिलीज दोन्ही याहून जलद ठेवल्यास पेडल प्रत्येक लाटेमागे धावू लागते आणि खर्जातला स्वर फाटतो.

शेवटी पेडल चालू-बंद करून दोन्ही वेळी आवाज सारखाच येईल अशी आउटपुटची जागा ठरवावी, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि फसवतो. ही तपासणी ड्रम्ससोबत, मंचावरच्या आवाजात करावी. साउंडचेकच्या वेळी ध्वनिसंयोजकाला कंप्रेसर वापरत असल्याचे सांगावे, म्हणजे तो मिक्सरवर पुन्हा तितकाच दाब देणार नाही.