दीर्घिकासमूहांची सूक्ष्मलहरी निरीक्षणे: डिटेक्टर-संच वापरताना या चुका टाळा

दीर्घिकासमूहातील उष्ण वायूमधील इलेक्ट्रॉनांमुळे विखुरताना वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाच्या (महास्फोटानंतर विश्वभर उरलेल्या सूक्ष्मलहरींच्या) फोटॉनांची ऊर्जा थोडी वाढते. या सुन्याएव-झेलदोविच परिणामामुळे १५० गिगाहर्ट्झला समूहाच्या जागी आकाश किंचित थंड भासते, सुमारे २१७ गिगाहर्ट्झला फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि त्यापुढे त्याचे चिन्ह उलटते. मोठ्या समूहातही ही घट काही शेकडा मायक्रोकेल्व्हिनच असते. उलट चिलीतील अटाकामासारख्या उंच, कोरड्या ठिकाणीही वातावरणाचे स्वतःचे उत्सर्जन काही केल्व्हिन भरते. पुढील बहुतेक चुकांचे मूळ या विषमतेत आहे.

अतिवाहक संक्रमणावर (रोध शून्यावरून सामान्य होतो त्या अरुंद तापमान-पट्ट्यात) चालणाऱ्या बोलोमीटरांचा, म्हणजे प्रारणाची उष्णता मोजणाऱ्या डिटेक्टरांचा, बायस (त्यांना दिलेली व्होल्टता) रात्रीच्या सुरुवातीला एकदा ठरवून तसाच ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. दुर्बीण खस्वस्तिकावरून ३० अंश उन्नतांशावर आणली की दृष्टिरेषेतील हवा दुप्पट होते, वाढलेल्या भारामुळे काही डिटेक्टर संक्रमणाबाहेर पडून सामान्य रोधावस्थेत जातात, आणि त्यांचा आलेख सपाट, म्हणून फसवा शांत दिसतो. कमी गोंगाट दिसला म्हणून अशा डिटेक्टरच्या नोंदींना अधिक महत्त्व देणारी स्वयंचलित पद्धत आकाशाच्या नकाशाचे मोठे नुकसान करते. उन्नतांश लक्षणीय बदलला की विद्युतप्रवाह-व्होल्टता वक्र पुन्हा घ्यावा आणि प्रत्येक डिटेक्टरचा प्रतिसाद तपासूनच त्याला नकाशात स्थान द्यावे.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. वातावरण सर्व डिटेक्टरांना जवळपास एकसारखे दिसते, म्हणून त्यांची सरासरी वजा करण्याची पद्धत योग्यच आहे. परंतु समूह दृष्टिक्षेत्राएवढा पसरलेला असेल तर त्याचाही मोठा भाग त्या सरासरीत शिरतो आणि तिच्याबरोबर वजा होतो. अमेरिकेतील ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीवरील मस्टँग-२ या उपकरणाचे दृष्टिक्षेत्र सुमारे ४ आर्कमिनिटांचे असल्यामुळे जवळच्या, विस्तृत समूहांबाबत हा प्रश्न टाळता येत नाही. अशा नकाशातून काढलेला समूहाच्या बाहेरील भागातील वायूचा दाब खरा मानू नये. प्रतिमान-समूह (गणिताने तयार केलेला कृत्रिम समूह) कच्च्या कालश्रेणीतच, म्हणजे डिटेक्टरांच्या वेळेनुसारच्या मूळ नोंदींतच, मिसळून संपूर्ण प्रक्रिया पुन्हा चालवावी आणि कोणत्या कोनीय मापावर किती संकेत उरतो ते पाहावे. गाळून घेतलेल्या माहितीत प्रतिमान मिसळून केलेली चाचणी मात्र निरर्थक आहे, कारण जी हानी मोजायची ती तोवर होऊन गेलेली असते.

समूहाचे स्थान डाव्या व उजव्या स्कॅनमध्ये वेगळे आल्यास दोष बहुधा दुर्बिणीच्या रोखात नसतो. डिटेक्टरचा कालस्थिरांक (प्रतिसाद देण्यातील विलंबाचे माप) ५ मिलिसेकंद आणि स्कॅनचा वेग सेकंदाला १ अंश असेल, तर प्रतिमा प्रत्येक दिशेला सुमारे १८ आर्कसेकंद मागे सरकते. ग्रहाच्या दोन्ही दिशांच्या स्कॅनवरून कालस्थिरांक काढता येतो, मात्र ग्रह इतका तेजस्वी नसावा की डिटेक्टरच संपृक्त होईल. दुर्बिणीच्या हालचालीशी जुळणारे पट्टे दिसले, तर डिटेक्टरांचा संकेत वाढवणाऱ्या, चुंबकीय क्षेत्राला अतिसंवेदनशील अशा स्क्विड प्रवर्धकांवर होणारा चुंबकीय क्षेत्राचा परिणाम तपासावा. प्रकाशाशी न जोडलेल्या डिटेक्टरांतही तेच पट्टे असतील, तर ते आकाशातून आलेले नाहीत.

अखेरीस, केंद्रातील घट अपेक्षेपेक्षा उथळ दिसली की डिटेक्टरला दोष देण्याआधी मध्यवर्ती दीर्घिकेतील रेडिओ स्रोत पाहावा, कारण त्याचे तेज ही घट भरून काढते. असे स्रोत बदलते असल्याने जुन्या सूचीतील कमी वारंवारतेचे तेज पुढे ताणून वजा करण्यापेक्षा, जवळपास त्याच काळात व्यतिकरणमापीने (एकत्र जोडलेल्या अनेक अँटेनांनी) केलेले मोजमाप वापरणे अधिक सुरक्षित ठरते.