सीईटीनंतरचा महिना: खान्देशातून इंजिनिअरिंगचा कॅप अर्ज भरताना

सीईटीचा निकाल लागला की घरोघरी पर्सेंटाइलचीच चर्चा. पण तो आकडा आता हलणार नाही. तुमच्या हातात उरतात दोनच गोष्टी, कागद आणि कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, द्यायच्या कॉलेज-शाखांच्या पर्यायांचा क्रम. 92 पर्सेंटाइलवाल्याला न मिळालेली जागा कधीकधी 89 वाल्याला मिळते, तेव्हा आरक्षणाइतकाच या दोन गोष्टींचाही त्यात हात असतो.

आधी पात्रता बघून घ्या. बारावीला फिजिक्स आणि गणित लागतंच, आणि त्या दोन विषयांसह तिसरा विषय धरून होणारा गट मिळून खुल्या वर्गाला किमान 45 टक्के, राखीव वर्गाला 40 टक्के. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष केलं आणि गटाचे गुण कमी पडले, तर पर्सेंटाइल कितीही असो, उपयोग शून्य.

आता कागद. राखीव जागेसाठी सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी. हिची तयारी अकरावीतच सुरू करा. जून उजाडल्यावर धावपळ केली तर समितीपुढे रांग असते. विज्ञान शाखेत शिकत असतानाच अर्ज ऑनलाइन भरायचा, त्यावर कनिष्ठ महाविद्यालयाची सही-शिक्क्याची शिफारस घ्यायची आणि छापील प्रत जोडपत्रांसह जिल्हा समितीकडे द्यायची. अनुसूचित जमातीसाठी समिती वेगळी आहे. नंदुरबार, धुळे, चोपडा, यावल पट्ट्यातल्या मुलांनी हे आधीच लक्षात ठेवावं, कारण जमातीच्या प्रकरणात चौकशी लांबते.

समिती बघते ती वडिलांकडची जुनी नोंद. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा भक्कम धरला जातो. आजोबा, पणजोबा, चुलत आजोबा यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा. शाळेत नाव नसेल तर तहसीलमधल्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, धुंडाळा. नोंद मोडीत असली तर अधिकृत जाणकाराकडून लिप्यंतर करून जोडावं लागतं. वडिलांना, काकांना किंवा सख्ख्या चुलत भावाला आधीच व्हॅलिडिटी मिळाली असेल तर ती पहिल्या पानावर लावा. तिच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

अडतं कुठे? नावात. आजोबांच्या दाखल्यावर ‘सुका’, वडिलांच्या दाखल्यावर ‘सुकदेव’, वंशावळीत ‘सुखदेव’. ही तीन नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा, त्रुटी निघायची वाट पाहू नका. जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ किंवा ‘पाटील’ असेल तर दुसऱ्या भावाची, आत्याची नोंद शोधा. लग्न झालेल्या आत्याचं माहेरचं नाव शाळेच्या दप्तरात असतंच.

बाकीचे कागद सोपे, पण मुदतीचे. नॉन-क्रिमिलेअर आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) हे दाखले चालू वर्षाचे लागतात. जेईईवरून एनआयटी-आयआयटीलाही अर्ज करणार असाल तर केंद्राच्या नमुन्यातले दाखले वेगळे काढा, राज्याचे तिथे चालत नाहीत. अधिवास आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्याआधी सेतूत टाकून ठेवा. निकालानंतर सगळा तालुका तिथेच उभा असतो.

अर्ज भरताना मोबाइल नंबर आणि ईमेल घरातलाच द्या. नेटकॅफेवाल्याचा नंबर टाकला तर ओटीपी त्याच्या फोनवर जातो, आणि पर्यायांच्या शेवटच्या रात्री तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

छाननी दोन प्रकारे होते. ई-स्क्रुटिनीत स्कॅन अपलोड करायचे, किंवा छाननी केंद्रावर मूळ कागद घेऊन जायचं. धडगाव-अक्कलकुव्याच्या आतल्या गावांतून नेटचा भरवसा नसेल तर सरळ केंद्रावर जा. ई-स्क्रुटिनी निवडलीत तर रोज लॉगिन करून बघा. त्रुटी काढून परत पाठवलेला अर्ज पुन्हा सबमिट केला नाही तर गुणवत्ता यादीत नावच येत नाही. तात्पुरती यादी लागली की प्रवर्ग, लिंग, होम युनिव्हर्सिटी, गुण हे चारही रकाने वाचा. हरकत त्याच दोन-तीन दिवसांत घ्यायची असते.

होम युनिव्हर्सिटीचं, म्हणजे तुमचं स्थानिक विद्यापीठ कोणतं धरलं जातं त्याचं, जरा नीट समजून घ्या. दहावी-बारावी महाराष्ट्रातून केलेल्या मुलाची होम युनिव्हर्सिटी बारावी कुठून झाली त्यावर ठरते. गाव अमळनेर, पण बारावी पुण्यातून दिली, तर पुणे विद्यापीठ. हा कोटा जिथे लागू आहे तिथे 70 टक्के जागा होमसाठी असतात. त्यामुळे अकरावीला बाहेर जाणाऱ्याने इथल्या कॉलेजांचा हिशेब आधीच बदललेला असतो.

गेल्या वर्षीची कटऑफ यादी वाचताना प्रवर्गाच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा: ‘एच’ म्हणजे होम, ‘ओ’ म्हणजे होमबाहेरचे, ‘एस’ म्हणजे राज्यपातळी. सुरुवातीचा ‘एल’ मुलींसाठीच्या जागांचा. स्वतःच्या ओळीतलाच आकडा धरा. शेजारच्या मुलाचा प्रवर्ग वेगळा असेल तर त्याची यादी तुमच्या कामाची नाही.

पर्याय 300 पर्यंत देता येतात. यादीचे तीन थर करा: आपल्या पर्सेंटाइलच्या वरचे, आसपासचे आणि खालचे. क्रम मात्र फक्त आवडीचा. वर अवघड कॉलेज टाकल्याने खालची संधी जात नाही. खरी फसगत पहिल्या काही पर्यायांत होते. 2025 च्या नियमांनुसार पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी मिळाला तर जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून जिथे खरंच जाणार नाही ते नाव वरच्या सहांत नको. चालू वर्षाची माहितीपुस्तिका उघडून हा नियम तपासाच.

बांभोरी, शिरपूर, धुळे, जळगावचं शासकीय की पुण्यातलं एखादं मधल्या दर्जाचं, हा वाद घरोघरी होतो. आमचं मत असं: शाखा आवडीची असेल आणि पुण्याचं कॉलेज नावापुरतंच असेल, तर इथलं जुनं कॉलेज वर ठेवा. पुण्यातलं राहणं-जेवण चार वर्षं भरायचं असतं.

कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिकवणी शुल्कमाफीच्या जागांची योजना, अर्जात निवडा. तेवढं पुरत नाही. त्या जागांचा कोड वेगळा असतो, तो पर्यायांतही टाकावा लागतो. या जागांवर आरक्षण नाही, कटऑफ चढा लागतो, पण शिकवणी शुल्क माफ.

जागा मिळाली की लॉगिनमधून ती स्वीकारून शुल्क भरा, मुदत संपण्याआधी. शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅपमधूनच घ्या. कॉलेज स्वतः भरतं त्या संस्था पातळीवरच्या जागेला महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दारं बंद असतात. मुलींसाठी 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गात, उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास, शिकवणी व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. त्यासाठीही महाडीबीटीचा अर्ज वेगळा भरावा लागतो आणि बँक खातं आधारला जोडलेलं असावं लागतं. ते खातं मुलीच्याच नावाचं काढा.