पानावर वाचता येणारे ड्रॉइंग: वास्तुकलेचा शोधनिबंध नियतकालिकासाठी कसा तयार करावा

गोव्यात वास्तुकलेवर शोधनिबंध लिहू पाहणाऱ्याला विषयांची वाण नाही. जुन्या गोव्यातील चर्चे आणि मठ १९८६ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, फोंडा तालुक्यात मंदिरांची एक स्वतंत्र घडण उभी आहे, आणि चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, मंगळुरी कौले व काचेऐवजी शिंपले बसवलेल्या खिडक्या असलेली जुनी घरे अजून कित्येक वाड्यांवर राहती आहेत. अडचण पुढे येते. महिनाभर राबून केलेली मोजणी महाविद्यालयाच्या प्रबंधात शोभून दिसते, पण तीच जशीच्या तशी नियतकालिकाकडे पाठवली की परत येते. प्रबंधात पाहिलेले सगळे नोंदवायचे असते. शोधनिबंधात एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते, आणि वास्तुकलेत त्या उत्तराचा पुरावा मुख्यतः ड्रॉइंगमध्ये असतो. म्हणून तयारीतला निम्मा वेळ ड्रॉइंगसाठीच राखून ठेवावा, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो.

प्रश्न आधी एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावा. ‘गोव्यातील पारंपरिक घरे’ हा प्रश्न होत नाही, तो विषयही नीट होत नाही. ‘राजांगणाभोवती (घराच्या मधल्या, छपरांनी वेढलेल्या अंगणाभोवती) बांधलेल्या घरांत पडवीची रुंदी वाढली की आतल्या खोल्यांतील उजेड किती कमी होतो’ हा प्रश्न होतो, कारण त्याचे उत्तर मोजता येते आणि ते चुकीचे ठरण्याचीही शक्यता असते. असा प्रश्न हाती आला की कोणती ड्रॉइंगे लागतील हे आपोआप ठरते: प्लॅन एक, राजांगणातून जाणारा सेक्शन (उभा छेद) एक, आणि बहुधा पडवीच्या टोकाचा तपशील. दर्शनी बाजूचे एलिव्हेशन कितीही सुंदर काढलेले असले तरी ते प्रश्नाला काही सांगत नसेल तर बाजूला ठेवावे. हे जिवावर येते, पण करावे.

नियतकालिक लेखन सुरू करण्यापूर्वीच निवडावे आणि लेखकांसाठीच्या त्याच्या सूचना छापून टेबलावर ठेवाव्यात, कारण शब्दमर्यादा, आकृत्यांची संख्या, संदर्भांची पद्धत आणि पानाची रुंदी प्रत्येकाची वेगळी असते. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ साली बंद झाल्यापासून नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी अधिकच आपल्यावर आली आहे. मागच्या दोन-तीन अंकांतले निबंध प्रत्यक्ष वाचावेत, संपादक मंडळावरील व्यक्ती खरोखर त्या विषयात काम करतात का ते पाहावे, आणि आठ दिवसांत छापून देण्याचे आश्वासन कुणी देत असेल तर तिथे निबंध पाठवू नये.

आता ड्रॉइंग. आपण ऑटोकॅड या संगणकीय आरेखनाच्या साधनात ए-वन आकाराच्या कागदासाठी काढतो, म्हणजे ८४१ मिलिमीटर रुंदीसाठी. नियतकालिकाच्या पानावर मजकुराची रुंदी साधारण १७० मिलिमीटर असते. म्हणजे ड्रॉइंग सुमारे पाचपट लहान होते: ०.२५ मिलिमीटरची रेषा ०.०५ वर येते आणि छपाईत तुटते किंवा नाहीशी होते, ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर ०.६ मिलिमीटरचे होते आणि भिंगाखालीही वाचवत नाही. माझा स्वतःचा पहिला निबंध याच कारणाने परत आला होता. सेक्शनवर सगळा युक्तिवाद उभा होता आणि परीक्षकाला त्या सेक्शनमधला एकही आकडा वाचता आला नव्हता. तेव्हापासून मी एक नियम पाळत आलो आहे: ड्रॉइंग लहान करायचे नाही, पानाच्या मापाने पुन्हा काढायचे.

त्यासाठी हिशेब सोपा आहे. घर ३० मीटर लांब असेल तर १:२०० प्रमाणात ते १५० मिलिमीटर भरते आणि १७० मिलिमीटरच्या पानावर दोन्ही बाजूंना थोडी जागा सोडून नीट बसते. या प्रमाणात ६० सेंटीमीटरची चिऱ्याची भिंत ३ मिलिमीटर जाड दिसते, जी काळी भरता येते. १० सेंटीमीटरची फळ्यांची आडभिंत अर्धा मिलिमीटर होते, जी एका जाड रेषेनेच दाखवावी. शिंपल्याच्या खिडकीचे मात्र या प्रमाणात काहीच उरत नाही, कारण तळहाताहून लहान असा शिंपल्याचा तुकडा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतो. खिडकी हा प्रश्नाचा भाग असेल तर तिच्यासाठी १:१० चे वेगळे ड्रॉइंग द्यावे. नसेल तर प्लॅनमध्ये साधे उघडे भोक दाखवून पुढे जावे. रेषांच्या जाड्या छापील आकारात ठरवाव्यात: कापलेल्या भिंतीसाठी ०.३५ मिलिमीटर, दिसणाऱ्या कडांसाठी ०.१८, आणि फरशी किंवा कौलांच्या ओळींसाठी ०.०९, त्याहून बारीक नाही. ड्रॉइंगमधले अक्षर ७ ते ८ पॉइंटपेक्षा लहान नसावे. कार्यालयाचे नाव-तपशील असलेला टायटल ब्लॉक, चौकट आणि कामाला न लागणारी सगळी मापे काढून टाकावीत.

प्रमाण नुसत्या आकड्यांत लिहू नये. संपादकाने आकृती किंचित लहान केली की ‘१:२००’ हे शब्द खोटे ठरतात, पण मीटरची पट्टी आकृतीबरोबरच लहान होते आणि खरी राहते. म्हणून प्रत्येक प्लॅनखाली पट्टी आणि बाजूला उत्तरदिशा द्यावी. सेक्शन कुठून कापला ते प्लॅनवर दाखवावे. मोजलेला भाग आणि तर्काने पुरा केलेला भाग वेगळा दिसला पाहिजे, कारण वाचकाने आपल्यावर नेमका किती विश्वास ठेवायचा ते त्यावरून ठरते. कोसळलेली खोली घरातल्यांच्या आठवणीवरून काढली असेल तर ती राखाडी रंगात काढून खुलाशात तसे लिहावे. तुटक रेषा टाळावी, कारण ती वरच्या तुळईसाठीही वापरली जाते. निबंध काळ्या-पांढऱ्यात छापला जाऊ शकतो, तेव्हा लाल आणि हिरव्यावर काहीही अवलंबून ठेवू नये; भेद हॅचने, म्हणजे तिरप्या रेषा किंवा ठिपके भरून, दाखवावा. रेषाचित्रे पीडीएफ किंवा ईपीएस स्वरूपात द्यावीत.

फोटोंसाठी ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) मागतात, म्हणजे १७० मिलिमीटर रुंदीला सुमारे २,००० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने आलेल्या फोटोचा आकार वाटेतच कमी झालेला असतो. कॅमेऱ्यातली मूळ फाइलच वापरावी. राहत्या घरातल्या फोटोंसाठी मालकाची लेखी परवानगी घ्यावी, आणि फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद असते ती पुसावी, नाहीतर नाव झाकूनही घर उघडे पडते. ज्या नियतकालिकात लेखक आणि परीक्षक दोघांची नावे झाकलेली असतात, तिथे वर्ड फाइलच्या माहितीतले आपले नाव, आभार आणि ‘माझ्या आधीच्या निबंधात’ असली वाक्येही काढावी लागतात.

आकृतीखालची ओळ आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहते. तिच्यात काय, कुठले, कधीचे आणि कुणी काढले, हे चारही यावे. ‘कधीचे’ याचे महत्त्व जुन्या गोव्याइतके दुसरीकडे क्वचितच जाणवते. बाँ जेझुस बासिलिकेचा उघडा तांबडा चिरा पाहून तो मूळचाच तसा आहे असे गृहीत धरून कुणी लिहिले, तर निबंधाचा पायाच ढासळेल, कारण तिचा गिलावा १९५०च्या दशकात काढला गेला. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. आजचा फोटो त्या इमारतीच्या मूळ समतोलाबद्दल पुरावा होऊ शकत नाही. फोटो ज्या दिवशी घेतला त्या दिवसापुरताच साक्षीदार असतो.

जुन्या काळाबद्दल बोलायचे तर पुराभिलेखात बसावेच लागते. पणजीच्या पुराभिलेख संग्रहाची परंपरा १५९५ पर्यंत मागे जाते आणि तिथली बरीच कागदपत्रे पोर्तुगीजमध्ये आहेत. देवस्थानांचे हिशेब पाहणाऱ्याला मोडीही वाचता यावी लागते, किंवा वाचणाऱ्याला सोबत घ्यावे लागते. उताऱ्याचे मूळ शब्द आणि आपला अनुवाद दोन्ही द्यावेत, आणि पाल्मु या जुन्या पोर्तुगीज मापाचे रूपांतर करताना एक पाल्मु म्हणजे २२ सेंटीमीटर धरले आहे हे स्पष्ट लिहावे. गावांच्या नावांचा गोंधळ आधीच मिटवावा. जुन्या नकाशात पंजिम आणि मापुसा असते, आपण पणजी आणि म्हापसा म्हणतो. निबंधभर एकच रूप वापरून जुने रूप पहिल्या उल्लेखात एकदा द्यावे. राजांगण, सोपो (बसण्याचा कट्टा), बाल्कांव (घरापुढचा व्हरांडा) हे शब्द भाषांतर न करता ठेवावेत आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात समजावून सांगावेत. राजांगणाला नुसते ‘अंगण’ म्हटले की ते छपरांनी वेढलेले असते ही मूळ गोष्टच हरवते.

पद्धतीचा भाग विद्यार्थी चार ओळींत उरकतात. तसे करू नये. टेप वापरली की लेझर, खोल्यांचे कर्ण मोजले का (चिऱ्यांच्या जुन्या घरात काटकोन गृहीत धरता येत नाही), भिंतीची जाडी गिलाव्यासकट आहे का, तापमानाचे यंत्र जमिनीपासून किती उंचीवर आणि किती दिवस ठेवले होते, हे सगळे यावे. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. मे महिन्यात केलेल्या मोजणीवरून पागोळ्यांबद्दल आणि भिंतीच्या ओलीबद्दल निष्कर्ष काढणाऱ्या निबंधाला परीक्षक पहिला प्रश्न हाच विचारणार.

सारांश सगळ्यांत शेवटी लिहावा, २०० ते २५० शब्दांत, आणि त्यात सापडलेले उत्तर आकड्यासह सांगून टाकावे. उत्सुकता ताणण्याची ती जागा नाही. संदर्भांसाठी झोटेरो हे मोफत साधन पहिल्या दिवसापासून वापरावे, म्हणजे संदर्भ लिहिण्याच्या शिकागो पद्धतीतून एपीए पद्धतीत जाताना रात्री जागवाव्या लागत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या लेखनाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण तेवढ्यावर समाधान मानू नये: दुसऱ्याचा प्लॅन पुन्हा गिरवला तर शब्द जुळवणारी तपासणी तो पकडत नाही, आणि तरीही ती उचलेगिरीच असते. मूळ ड्रॉइंग कुणाचे, ते आकृतीखालीच लिहावे.

परीक्षकांचे अभिप्राय आले की दोन दिवस त्यांना हात लावू नये. मग प्रत्येक आक्षेप तक्त्यात उतरवून त्यासमोर आपले उत्तर आणि बदल केलेल्या पानाचा क्रमांक द्यावा. जिथे परीक्षकाचे म्हणणे पटत नाही तिथे तसे नम्रपणे, कारण देऊन लिहावे. निबंध स्वीकारल्यावर मुद्रिते (छपाईपूर्वी तपासायची पाने) येतात आणि ती तपासायला जेमतेम दोन-तीन दिवस मिळतात. मजकुराआधी आकृत्या पाहाव्यात. पान मूळ आकारात छापून घेऊन प्लॅनखालच्या ५ मीटरच्या पट्टीला फूटपट्टी लावावी: १:२०० असेल तर ती २५ मिलिमीटर भरली पाहिजे. कमी भरली तर आकृती आखडली आहे. संपादकाला त्याच दिवशी कळवावे, आणि मजकुरात कुठे ‘१:२००’ राहून गेले असेल तर तेही काढायला सांगावे.