'स्मोल्डर': ज्योतीविना जळण्याचा शब्द

तांत्रिक भाषांतराचे काम नुकतेच सुरू केले होते, तेव्हा अग्निसुरक्षेच्या एका पुस्तिकेत मला 'स्मोल्डर' हे इंग्रजी क्रियापद भेटले. शब्दकोशात 'हळूहळू जळणे' असा अर्थ मिळाला आणि तोच मी सगळीकडे वापरला. तपासणाऱ्या ज्येष्ठ भाषांतरकारांनी समासात एवढेच विचारले होते, की मेणबत्तीही हळूहळूच जळते, मग तिला स्मोल्डर म्हणतात का?

म्हणत नाहीत. या शब्दाचे मर्म संथपणात नसून ज्योत नसण्यात आहे. ज्योतीत इंधनातून निघालेले वायू पेटतात. येथे मात्र कोळसा, कापूस किंवा पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) अशा सच्छिद्र घन पदार्थाच्या पृष्ठभागावरच ऑक्सिजनशी अभिक्रिया होत राहते, तीही साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअस इतक्या, ज्योतीच्या मानाने बऱ्याच कमी तापमानाला. म्हणूनच अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील सेंट्रालिया गावाखालच्या कोळशाच्या खाणीत १९६२ साली लागलेली आग अजूनही जमिनीखाली टिकून आहे. मराठीत यासाठी 'धुमसणे' हा नेमका शब्द आहे (तो सुचायला मला दोन दिवस लागले, याचे आज हसू येते). त्या पुस्तिकेत तर या भेदावरच सारे अवलंबून होते, कारण धुमसणाऱ्या आगीतले धुराचे मोठे कण प्रकाशावर चालणारा धूरशोधक लवकर टिपतो, तर भडकलेल्या आगीतले सूक्ष्म कण आयनीकरणावर (हवेच्या रेणूंना विद्युतभारित करण्यावर) चालणारा. दोन्हीकडे नुसते 'जळणे' लिहिल्यावर या तुलनेला अर्थच उरत नव्हता.

व्याकरणाच्या दृष्टीने हे क्रियापद अकर्मक आहे. लाकूड 'स्मोल्डर' होते, कोणी लाकडाला 'स्मोल्डर' करत नाही. ब्रिटिश आणि अमेरिकन वर्णलेखनात एका अक्षराचा फरक असतो, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

लाक्षणिक वापरात राग, द्वेष, असंतोष यांच्यासाठी 'धुमसणे' जसेच्या तसे चालते. मात्र नवोदितांची फसगत होते ती नजरेच्या वर्णनात. इंग्रजी कथेतील नायकाची नजर 'स्मोल्डरिंग' असते, तेव्हा बहुधा दबलेली प्रणयोत्कटता अभिप्रेत असते. 'धुमसती नजर' लिहिले तर मराठी वाचकाला तो संतापलेला वाटेल. अशा ठिकाणी मी 'आतुर' किंवा 'ओढ लपवू न शकणारी' असे काही लिहितो आणि अग्नीची प्रतिमा सोडून देतो. ही हानी मला मान्य आहे.

वैद्यकात 'स्मोल्डरिंग मायलोमा' ही संज्ञा १९८० पासून रूढ आहे. मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग; त्याच्या या अवस्थेत तपासणीत दोष दिसतो, पण अवयवांना इजा झालेली नसते. रुग्णासाठीच्या माहितीपत्रकात मी मूळ संज्ञा देवनागरीत ठेवून पुढे 'लक्षणे न दिसणारी अवस्था' असे लिहितो. 'धुमसता कर्करोग' वाचून रुग्णाला धसका बसेल.