फिश टँकच्या कूलिंग फॅनला स्वस्तातला टेम्परेचर कंट्रोलर लावताय? या चुका टाळा

एप्रिल लागला की पुण्यात वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये टँकचं पाणी दुपारी ३२-३३ ला जाऊन बसतं, चिलर (पाणी गार करणारं मशीन) काही परवडत नाही, मग आपण इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन डब्ल्यू१२०९ चं मॉड्यूल (सेन्सरने तापमान बघून फॅन आपोआप चालू-बंद करणारं छोटं बोर्ड), १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटरचे दोन फॅन घेऊन येतो. मीपण तेच केलं, आणि पहिल्याच उन्हाळ्यात माझे बरेचसे चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) गेले. डिस्प्लेवर २६ दिसत होतं आणि पाण्यात हात घातला तर चक्क कोमट!

कारण सेन्सर. मी तो काचेच्या कडेला टेपने चिकटवला होता, टोक अर्धं पाण्यात अर्धं बाहेर, आणि वर फॅनचा वारा थेट त्याच्यावर. ओल्या टोकावर वारा लागला की ते पाण्यापेक्षा बरंच गार होतं, ओला रुमाल पंख्याखाली धरल्यासारखं. म्हणजे फॅन सुरू झाला की सेन्सर लगेच गार, फॅन बंद, सेन्सर परत गरम, फॅन सुरू, आणि पाणी आपलं तापतंच आहे. सेन्सर पूर्ण पाण्यात पाहिजे, निदान चार बोटं खोल, फिल्टरचं पाणी फिरतं तिथे, आणि हीटरपासून लांब. बारीक केलेल्या बर्फाच्या पाण्यात सेन्सर घालून एकदा बघा, शून्याच्या आसपास दाखवायला हवं, जेवढा फरक येईल तेवढा मॉड्यूलच्या पी४ या सेटिंगमध्ये करेक्शन द्या.

दुसरी तक्रार सगळ्यात जास्त येते, "लाईट लागतो, टिक असा आवाज येतो, पण फॅन फिरत नाही." मॉड्यूल खराब नाहीये! रिले म्हणजे मॉड्यूलवरचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच, त्याचे के० आणि के१ हे दोन स्क्रू म्हणजे नुसता स्विच आहे, त्यातून १२ व्होल्ट निघत नाहीत. अडॅप्टरची प्लस वायर एका स्क्रूला, दुसऱ्या स्क्रूतून फॅनची लाल वायर, आणि फॅनची काळी थेट मायनसला.

सेटिंगमध्ये पी० हे सी (कूलिंग) वर पाहिजे, एच (हीटिंग) वर राहिलं तर पाणी गार असताना फॅन चालेल. पी१ म्हणजे चालू-बंद यातलं अंतर, ते ०.१ ठेवलं की रिले रात्रभर टिकटिक करते आणि लवकर मरते, १ ठेवा, माशांना काही होत नाही. आणि हिवाळ्यात हीटर लावला असेल तर त्याचा आकडा फॅन बंद होण्याच्या आकड्याच्या दोन अंश तरी खाली ठेवा, नाहीतर एक तापवतोय आणि दुसरा गार करतोय, बिल तेवढं येत राहतं.

आता मूळ मुद्दा, जो लोक विसरतात. फॅन हा एसी नाही, तो माठासारखं काम करतो, पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. १०० लिटरच्या टँकमधून १ लिटर पाणी उडालं तर हिशोबाने साडेपाच-सहा अंश निघून जातात, पण खोलीतून उष्णता परत येत असते म्हणून हाती २-४ अंशच लागतात. त्यामुळे झाकण लावून फॅन चालवू नका, मासे उडी मारत असतील तर जाळी टाका, वारा पाण्यावर तिरका सोडा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा. एप्रिल-मेची कोरडी हवा यासाठी फार चांगली, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की फॅनचा जोर कमी पडणारच, तेव्हा कंट्रोलर उघडून बसू नका. उडालेलं पाणी भरताना आरओचं भरा, कारण पाणी उडतं पण क्षार टँकमध्येच राहतात, आणि तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर टॉपअप करून करून हार्डनेस (पाण्याचा जडपणा) नुसता वाढत जातो.

मॉड्यूलऐवजी आर्डुइनो (स्वतः कोड लिहून चालवायचं छोटं बोर्ड) वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: डीएस१८बी२० या डिजिटल तापमान सेन्सरला ४.७ के (किलो-ओहम) चा रेझिस्टर डेटा आणि प्लसच्या मध्ये लावाच. रीडिंग ८५ आलं तर ते पाण्याचं नाही, सेन्सर नुकताच चालू झाल्याचं आहे, आणि उणे १२७ म्हणजे वायर सुटलीय, हे दोन्ही आकडे कोडमध्ये गाळा.

अडॅप्टर टँकच्या खाली जमिनीवर अजिबात नको. टँककडून येणारी प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन मग वर न्या म्हणजे ओघळ तिथेच टपकतो.

आणि सुट्टीत गावाला जायच्या आधी सेन्सरची पिन काढून बघा. फॅन बंद पडेल, कारण वायर तुटली की मॉड्यूलला पाणी प्रचंड थंड वाटतं. म्हणून के० आणि के१ च्या मध्ये एक साधा स्विच लावून ठेवा, काही झालं तर शेजारच्या काकू तो दाबून फॅन डायरेक्ट चालू करू शकतात.