अमेरिकेतल्या लँडलाइनचं वायरिंग कव्हर: पैसे भरण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेत लँडलाइन ठेवलेली मराठी घरं आता थोडीच उरलीत, आणि त्यातही फोन असतो तो बहुतेक घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी. न्यू जर्सीतल्या आमच्या आत्याचं घर त्यातलंच. तिच्या बिलावर 'इनसाइड वायर मेंटेनन्स' (घरातली फोनची तार बिघडली तर दुरुस्त करून देण्याचं कव्हर) नावाची एक ओळ दर महिन्याला आठ डॉलर घेऊन जायची. कधीपासून, ते तिलाही आठवेना.

आपल्याकडे फोन डेड झाला की लाइनमन थेट दिवाणखान्यात यायचा. त्यामुळे बाहेरची तार कंपनीची आणि आतली आपली, ही वाटणी आपल्या डोक्यातच नसते. अमेरिकेत ती आहे. १ जानेवारी १९८७ पासून घरातल्या साध्या वायरिंगची दुरुस्ती टेलिफोन कंपनीच्या सरकारनियंत्रित दरांतून बाहेर पडली. आतली तार बिघडली तर खर्च घरमालकाचा. तो टाळायचा असेल तर हे मासिक कव्हर. घ्यायची सक्ती कुणावरच नाही.

सगळ्यात मोठी चूक: भिंतीवरची पेटी न उघडणं

घराच्या बाहेरच्या भिंतीवर, बहुधा विजेच्या मीटरजवळ, पुस्तकाएवढी करड्या रंगाची पेटी असते. तिचे दोन भाग: एक कंपनीचा, तो उघडायचा नाही. दुसरा ग्राहकाचा, साध्या स्क्रूड्रायव्हरने उघडतो. आत (कोळ्याची जाळी बाजूला केल्यावर) एका छोट्या जॅकमध्ये खोचलेली प्लग लावलेली बोटभर वायर दिसेल. तो प्लग काढला की घरातलं सगळं वायरिंग बाहेरच्या लाइनपासून सुटतं. आता त्या जॅकमध्ये साधा, वायरवाला फोन लावा. डायल टोन स्वच्छ आला तर बिघाड घरात आहे. टोन नाही किंवा इथेही तीच खरखर, तर बिघाड कंपनीच्या बाजूला. तो काढून देणं त्यांचं काम, तुमच्याकडे कव्हर असो वा नसो. उघड्या तारांना मात्र हात लावू नका. रिंग येते तेव्हा तिथे ९० व्होल्टच्या आसपास दाब असतो. ढग गडगडत असताना तर पेटीकडे फिरकूच नका. जुन्या घरांत ही पेटी नसतेही. मग कंपनीला विचारा, बसवून देता का आणि किती घेता.

आत्याचा फोन डेड झाला तेव्हा पेटीत टोन खणखणीत होता. म्हणजे दोष घरातला, म्हणजे कव्हरचा उपयोग होणार, असं आम्हाला वाटलं. प्लग परत लावला आणि एकेक फोन काढत गेलो. तळघरातला जुना कॉर्डलेस काढला आणि लाइन जिवंत झाली. त्याच्या बेसमधलाच बिघाड सगळी लाइन अडवून बसला होता. आणि फोनचं यंत्र कव्हरमध्ये बसत नाही!

ही दुसरी चूक. कव्हर असतं ते तारांना आणि भिंतीवरच्या जॅकना. फोन, आन्सरिंग मशीन, फॅक्स, अलार्मची यंत्रणा साधारणपणे बाहेर. नूतनीकरणात सुताराने खिळा ठोकून तार तोडली तर? तेही अटींत शोधा. आणि नवीन कव्हर पहिल्या दिवसापासून लागू होतं की काही दिवस थांबावं लागतं, हे आधीच विचारून ठेवा.

भाड्याच्या घरात राहत असाल तर आधी घरमालकाला विचारा. कॅलिफोर्नियात निदान एक चालू जॅक देणं आणि आतलं वायरिंग नीट ठेवणं ही कायद्यानेच घरमालकाची जबाबदारी आहे. तिथे भाडेकरूने हे पैसे भरणं म्हणजे दुसऱ्याचं बिल भरणं.

फोन थेट मॉडेममध्ये लावलेला असेल (फायबर किंवा केबलवरून येणारी सेवा) तर भिंतीतली जुनी तार वापरातच नाही. तिच्यासाठी महिन्याला पैसे कशाला? तो खर्च मॉडेमच्या बॅटरी बॅकअपवर करा. वीज गेली की अशी लाइन बॅकअपशिवाय बंद पडते.

हिशेब सोपा आहे. आठ डॉलर म्हणजे वर्षाला ९६, पाच वर्षांत ४८०. कंपनीला फोन करून दुरुस्तीच्या एका भेटीचा दर विचारा आणि एखाद्या स्थानिक इलेक्ट्रिशियनचाही. एकच जॅक वापरत असाल तर माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. पण घर जुनं, वायरिंग ओलसर तळघरातून गेलेलं, मोबाइलला रेंज नाही आणि घरात एकटं वयस्कर माणूस, अशा ठिकाणी मी आठ डॉलरसाठी वाद घालणार नाही.

बंद करायचं ठरलं तर फोनवरच्या 'हो, झालं'वर विसंबू नका. तारीख आणि रेफरन्स नंबर लिहून घ्या. आत्याच्या पुढच्या बिलावर ती ओळ होतीच. नंबर सांगितल्यावर गेली.